आधी कडेवरचं लेकरू

शाळाबाह्य मुलांची यादी करायला साखर कारखान्याच्या तळावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर, गेलं की एकही मूल शाळाबाह्य सापडत नाही. "शाळेत जातेस का गं?" विचारलं की उत्तर तयार असतं, "जाते की. पाचवीला हाय." कुठल्या शाळेत, तर बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार नाहीतर धारूर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत. तिथल्या हजेरीपटावर तिचं नाव असतं आणि ती स्वतः माळेगाव बुद्रुकला, गावापासून शे-दोनशे किलोमीटरवर, डोक्यावर हंडा आणि कडेवर भाऊ घेऊन आपल्यासमोर उभी असते. मूल खोटं बोलत नसतं. गुरुजींनीही खोटं लिहिलेलं नसतं, दिवाळीपर्यंत ती वर्गात बसलेली असते. पण दिवाळी ते पाडवा ती कुठल्याच शाळेची नसते.

मी या तळावर एका छोट्या संस्थेची कार्यकर्ती म्हणून काम करते. लहानांना लिहायला-वाचायला शिकवायचं आणि थोरल्यांना कोयता सोडून दुसरं काही हातात धरता येईल असं शिक्षण मिळवून द्यायचं, हे आमचं काम. बरेच हंगाम हे केल्यावर मला एक गोष्ट अगदी आग्रहाने सांगायची आहे. या मुलांना काय शिकवायचं, कुठला अभ्यासक्रम, कुठलं कौशल्य, हे सगळं नंतरचं. त्यांच्या अंगावर जे काम पडलेलं आहे ते आधी कुणीतरी उचललं पाहिजे. आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे धाकटं भावंड सांभाळणं.

माळेगाव बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इंग्रजांच्या काळात नीरा डावा कालवा आला, त्याच्या पाण्यावर ऊस आला, उसाच्या जोरावर शिवनगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि कारखान्याच्या आधाराने शिवनगर विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय. जवळच शारदानगर. तिथे अप्पासाहेब पवारांनी १९७१ साली सुरू केलेल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा परिसर आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, रोपवाटिकेपासून दुग्धव्यवसायापर्यंत कितीतरी प्रशिक्षणं तिथे चालतात. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ, फेरेरो, भारत फोर्ज. टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाई मशीनवर बसलेल्या शेकडो बायका. हाताला काम शिकवणारं आणि शिकलेल्या हाताला काम देणारं इतकं सगळं एका तालुक्यात फार थोड्या ठिकाणी असेल. आणि या सगळ्याच्या मधोमध, उसाच्या फडांना आणि चिमणीला लागून, बांबूच्या चट्यांच्या आणि पाचटाच्या कोप्यांमध्ये राहणारी ही मुलं. शारदानगरच्या फाटकासमोरून त्यांच्या गाड्या रोज जातात. आत मात्र कधी जाणं होत नाही.

इथे येण्याआधी मी पुण्यात, स्टेशनच्या आसपास फुटपाथवर राहणाऱ्या मुलांमध्ये काम केलं. त्या कामाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. मुंबईत रेल्वे स्थानकांवरच्या मुलांसाठी स्नेहसदन १९६२ साली सुरू झालं. १९८८ साली डोअर स्टेप स्कूलने मुंबईत झोपडपट्टीतल्या मुलांच्या दाराशी शाळा नेली, नंतर पुण्यातही बांधकामांवरच्या मुलांमध्ये काम सुरू केलं, बसमध्येच वर्ग थाटला आणि बस फुटपाथवरच्या मुलांपाशी नेऊन उभी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, हा विचार आज साधा वाटतो. तेव्हा तो कुणीतरी पहिल्यांदा अंमलात आणला, हे आमच्यासारख्यांनी विसरू नये.

स्टेशनवरच्या कामात मी एक धडा घेतला. तिथल्या मुलाच्या हातात रोजचा पैसा असतो. रिकाम्या बाटल्या गोळा कर, डब्यात झाडू मार, संध्याकाळी शंभर-दीडशे रुपये सुटतात आणि रात्री कुणी हिसकावून घेण्याआधी ते संपवायचे असतात. अशा मुलाला "सहा महिने मोटारसायकल दुरुस्ती शीक, मग नोकरी लागेल" म्हटलं तर तो आपल्याला वेड्यात काढतो, आणि त्याचं बरोबर असतं. रात्री सुरक्षित झोपायला जागा, पैसे ठेवायला जागा, अंगावरची जखम बांधायला कुणीतरी, एवढं झालं की मग तो पान्याला हात लावतो. तिथलं ओझं भुकेचं आणि भीतीचं होतं. ते उतरवल्याशिवाय धंदेशिक्षणाचा वर्ग भरत नव्हता.

तळावरच्या मुलांना आईबाप असतात, कोपी असते, भाकरी असते. म्हणून लोकांना वाटतं, यांचं बरं आहे. पण पहाटे तीन-चारला आईबाप फडात निघून जातात. थंडी मी म्हणत असते. आई जाताना तान्ह्याला पाजते आणि थोरलीच्या कुशीत सरकवते. थोरली म्हणजे नऊ-दहा वर्षांची. उजाडल्यावर तिने पाणी भरायचं, भांडी घासायची, धाकट्यांना काल उरलेली भाकरी चुरून द्यायची, शेळी बघायची, आणि दिवसभर ते तान्हं. कधी सगळं घरच फडात जातं. मग उसाच्या सरीत लुगड्याची झोळी बांधतात, नाहीतर पाचटाच्या सावलीत गोधडीवर निजवतात. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधणाऱ्या आणि डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बायकांची ये-जा तिथूनच चाललेली. ट्रॅक्टरही तिथेच मागे घेतात. या सगळ्यात लेकराकडे सारखं लक्ष ठेवायला थोरली हवीच.

आम्ही पहिल्यांदा वर्ग सुरू केला तेव्हा मुली येत, पण भावंडांसकट. एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दहा-अकरा वर्षांची मुलगी मांडीवर दहा महिन्यांचा भाऊ घेऊन पाटीवर भागाकार मांडते आहे. डाव्या हाताने त्याला धरलंय, उजव्या हातात पेन्सिल. तो पेन्सिल ओढतो, ती मूठ सोडवते, पुन्हा लिहायला लागते. त्याने खडूचा तुकडा तोंडात घातला. तिने बोट घालून तो काढला, बोट परकराला पुसलं आणि हातचा आलेला आकडा विसरून गेली. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तो रडायला लागला तेव्हा ती कुणालाही न विचारता उठली आणि गेली. उरलेला भागाकार पाटीवर तसाच. हुशार मुलगी होती. तिच्या जागी कुठलंही मूल असतं तरी हेच झालं असतं.

तिच्या आईला भेटायला संध्याकाळी गेले. म्हटलं, "अक्का, पोरीला डोकं आहे. तिला रोज पाठवा." चुलीत पाचट सरकवत ती म्हणाली, "पाठवते की बाई. मला काय कळंना व्हय? पर ह्याला कोन बघायचं, तुमी सांगा."

या प्रश्नाला माझ्याकडे जे उत्तर होतं ते शिक्षणाच्या कुठल्याच योजनेत बसत नव्हतं. पाळणाघर. अंगणवाडी गावात आहे, सेविका मनापासून काम करतात, स्थलांतरित मुलांना तिथे आहारही मिळतो. पण अंगणवाडीची वेळ आणि फडाची वेळ यांचा मेळ नाही. ती उघडते तोवर आयांचं चार-पाच तास ऊस तोडून झालेलं असतं. म्हणून पाळणाघर पहाटे उघडायला हवं, आणि तेही तळावरच, कारण अंधारात लेकरू घेऊन कुणी गावात येणार नाही.

आम्ही तळावरच्याच म्हाताऱ्या बायका शोधल्या. आयुष्यभर ऊस तोडून कंबर गेलेल्या, आता लेकासुनेबरोबर नुसत्या आलेल्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांना महिन्याचा पगार ठरवला. एक मोठी कोपी बांधली, आत साड्यांचे पाळणे, एका बाजूला शेगडी. नाचणीची पेज, मऊ भात, दुपारी अंडं. मावश्यांना आधी आम्ही बाळाचे हात धुण्यापासून सगळं दाखवायला गेलो. त्या ऐकून घेत. मग लेकराच्या रडण्यावरून ते भुकेलं आहे की पोट दुखतंय हे त्या आम्हाला दाखवत. पंधरवड्यात तळावरची पद्धत बसली: जाताना आई लेकराच्या मनगटाला रंगीत दोरा बांधी, एका कोपीचा एक रंग, म्हणजे संध्याकाळी घोटाळा नको.

आणि वर्गात मुली येऊ लागल्या. मोकळ्या हातांनी. मी शिकवण्याची पद्धत बदलली नव्हती, पुस्तकं तीच होती.

पैशाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण आमच्यासारख्या संस्था दानावर चालतात. संगणक द्यायला माणसं येतात. शिलाई मशीन द्यायला येतात, त्यांवर नाव घालता येतं, वाटपाचा फोटो निघतो. रंगीत दप्तरं तर दर दिवाळीला येतात. पण "दोन मावश्यांचा सहा महिन्यांचा पगार द्या" म्हटलं की देणारा विचारात पडतो. याचा मुलांच्या शिक्षणाशी काय संबंध, असं मला चांगल्या शिकलेल्या, मनाने चांगल्या माणसांनी विचारलं आहे. त्यांना माझी विनंती एवढीच असते की एकदा पहाटे तळावर या. जे येतात ते पगार देतात.

वर्ग नीट भरायला लागल्यावर मग शिकवण्यात रंग भरला. गणितासाठी मी कारखान्याच्या वजनकाट्याची पावती घेतली. प्रत्येक घरात या पावत्या असतात, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या, आणि बहुतेक घरांत त्या वाचता येणारं कुणी नसतं. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी केली की निव्वळ ऊस. समजा निव्वळ २० टन ४०० किलो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. म्हणजे या खेपेचे ७४६६ रुपये. टोळीत दहा कोयते, एका कोयत्याच्या वाट्याला ७४६ रुपये आणि वर थोडे पैसे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. किलोचे टन करायला दशांश चिन्ह लागतं, वाटणीला भागाकार लागतो, महिन्याचा हिशेब धरायला बेरीज. पाचवी-सहावीचं अर्धं गणित एका पावतीत आहे.

बारा वर्षांच्या एका मुलाने बापाच्या सगळ्या पावत्या एका वहीत उतरवल्या आणि खाली उचलीचा, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांचा, आकडा लिहून त्यातून फेडलेले पैसे वजा करत नेले. बाप रात्री कोपीबाहेर शेकोटीशी बसून ऐकत होता. "अजून इतकी ऱ्हायली?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांच्या पावत्या त्या मुलाकडे आल्या. मुकादमाला हे सुरुवातीला रुचलं नाही. पुढे त्यानेच आपली वही त्या पोराकडून तपासून घेतली, कारण त्यालाही कारखान्याकडचा हिशेब जुळवायचा असतो. बापाला शिक्षणाचा उपयोग डोळ्यांनी दिसला की पोराला शाळेत पाठवा म्हणून विनवण्या कराव्या लागत नाहीत.

या मुलांच्या शिक्षणाचे प्रयत्न काही आजचे नाहीत. २००२ च्या सुमारास जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू केल्या आणि कितीतरी कारखान्यांवर नेल्या. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला, मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेतच घालायचं असं धोरण आलं आणि वेगळ्या साखरशाळा मागे पडल्या. मग मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड आलं, म्हणजे गावची शाळा सोडताना कार्ड घ्यायचं आणि इथल्या शाळेत दाखवायचं. मूळ गावात हंगामी वसतिगृहं निघाली, २०२१ मध्ये सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. आमच्या शेजारी सोमेश्वर कारखान्यावर टाटा ट्रस्टच्या मदतीने 'आशा' प्रकल्प झाला, तिथली 'कोपीवरची शाळा' आम्ही आदराने बघितली आणि तिच्यापासून शिकलो.

वसतिगृह हा मला सगळ्यात चांगला उपाय वाटतो. मूल गावातच राहतं, शाळा तुटत नाही. पण ज्या घरात तान्हं आहे त्या घरातली थोरली वसतिगृहात मागे राहत नाही. भाऊ राहतो, ती येते. आई तिला मुद्दाम आणते, कारण तिच्याशिवाय कोयता चालत नाही. म्हणून ज्यांना वसतिगृहाची सगळ्यात जास्त गरज त्याच मुली तळावर दिसतात. वसतिगृहावर खर्च करावाच, पण फडाजवळ पाळणाघर नसेल तर या मुली त्यातून निसटणार.

आता थोरल्या मुलांचं. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे घराला मिळालेला अर्धा कोयता. पुढच्या उचलीत त्याची मोजदाद होते. मुलीचं तर लग्नच लवकर उरकतात. उचल जोडीला मिळते, आणि वयात आलेल्या पोरीला तळावर एकटं ठेवायची आईला धास्ती असते. आयटीआय, अल्पमुदतीचे वर्ग, सगळं आहे. वेल्डर, शिवणकाम यांसारख्या व्यवसायांना आठवी पास चालतं. पण प्रवेश पावसाळ्यात होतात, तेव्हा ही मुलं गावाकडे असतात, आणि वर्ग रंगात येतो तेव्हा ती इथे. इथल्या संस्थेत घ्यावं तर पाडव्यानंतर पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, गाड्या भरतात, पोरगं निघालं. कागदांचीही तीच तऱ्हा. जन्माचा दाखला गावात, शाळा सोडल्याचा दाखला शाळेत, आधारवर जन्मतारीख तिसरीच. पुणे स्टेशनवरही माझे कितीतरी दिवस दाखल्यांच्या मागे गेले होते, इथेही जातात.

याचा एक मार्ग आम्हाला आमच्याच पुणे जिल्ह्यात दिसला. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांनी एक वर्ष तिथे राहायचं आणि वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया हे सगळं थोडं थोडं हाताने करत शिकायचं. खोटी कामं नाहीत. गावातल्या लोकांची खरी ऑर्डर घ्यायची, खरं फाटक बनवायचं, त्याचा खर्च काढायचा. राहायची सोय असल्यामुळे हंगामाचा प्रश्न मिटतो. आम्ही मुलांना पाबळला घेऊन गेलो. परतीच्या वाटेवर एकाने विचारलं, "वर्षभर म्हंजे घरी पैसे काय द्यायचे?"

त्याचं म्हणणं पुन्हा तेच होतं. अंगावरचं काम कोण उचलणार? मुलीच्या अंगावर भाऊ होता, याच्या अंगावर उचल होती. म्हणून आता आम्ही प्रशिक्षणाची फी भरण्याआधी घराची गरज भरतो. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा शिकायला गेला तर त्याच्या अर्ध्या कोयत्यामागची रक्कम संस्था घराला देते, महिन्याला, आणि मुकादमाला आधी सांगून, म्हणजे त्याची उचल धरलीच जात नाही. हे महाग पडतं. थोड्या मुलांना देता येतं. पण ज्यांना दिलं ती टिकली, आणि नुसती फी भरली होती त्यातली बहुतेक पोरं माघारी येऊन ऊस तोडत होती.

काहीजण तर दूर गेलेच नाहीत. हंगामात इथे ट्रॉल्यांची मोडतोड रोजची. टायर, अ‍ॅक्सल, हूक, हायड्रॉलिक. रात्री बेरात्री गॅरेजवाल्यांना हात कमी पडतात. दोन गॅरेजवाल्यांशी बोलून आम्ही मुलांना संध्याकाळचे तीन तास शिकायला बसवलं. पंक्चर, ग्रीसिंग, नटबोल्ट, सुट्या भागांची नावं आणि किमती. वेल्डिंगला हात अठरानंतरच, हे मी अगदी लिहून घेतलं आहे. त्यातला एकजण आता आपल्या तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान चालवतो. आईबाप अजून कोयत्यावर येतात. तो येत नाही.

आणि ती भागाकार अर्धा टाकून गेलेली मुलगी. पुढचे तीन हंगाम ती आईबरोबर येत राहिली, पाळणाघर असल्यामुळे वर्गात बसली, आठवीपर्यंत गावच्या परीक्षा दिल्या. दहावी तिने मुक्त विद्यालयातून केली. शिवणाचा वर्ग तिने घेतला नाही. आम्ही सुचवलं होतं, तिने सरळ सांगितलं, "मला हिशेबाचं काम द्या." आता ती गावाकडे एका दूध संकलन केंद्रावर फॅट लावते आणि बिलं करते. मुलींना शिवण आणि मुलांना गॅरेज, ही वाटणी आम्ही त्यानंतर मोडली.

यंदाचा हंगाम तोंडावर आहे. दसऱ्यानंतर टोळ्या उतरायला लागतील. पाळणाघराची कोपी या वेळी आम्ही टोळ्या यायच्या आधी बांधून ठेवणार, म्हणजे पहिल्या दिवसापासून थोरल्या मोकळ्या राहतील. दोन मावश्यांनी गावाहून निरोप धाडला आहे की त्या येताहेत. तिसरी हवी आहे, कारण या वर्षी तान्ही जास्त आहेत असं मुकादम सांगतो. तिच्या पगाराचे पैसे अजून जमायचे आहेत.